पुढच्या चाकांच्या टोप्या

उषाबाई गेल्याचं मला सकाळी कळलं. मी तेव्हा शेताच्या पाणंदीत, काळ्या चिखलात आसापर्यंत रुतून तिरकी उभी होते. आदल्या दुपारी त्या मला तिथंच सोडून गेल्या होत्या. शेजारच्या शेताचे कल्याणराव ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टरवर मागं साळूबाई बसली होती. ती उषाबाईंबरोबर कापूस वेचायची. दोघांचे चेहरे पाहूनच मला कळायला हवं होतं. पण मी यंत्र. सांगितल्याशिवाय मला कळत नाही.

माझ्या बंपरला साखळी अडकवता अडकवता कल्याणराव म्हणाले, "साळूबाई, रडत बसू नका. गाठोडं काढून घ्या जीपमधलं. वैनी तर गेल्या. अंगदभाऊ त्यांना घेऊन निघालेत जालन्याहून. दुपारपर्यंत पोचतील."

मग त्यांनी माझ्या टायरला एक लाथ घातली. "या खटाऱ्यानं ऐन टायमाला दगा दिला. भंगारात घातलं पाहिजे हिला."

मित्रांनो, टायरला लाथ लागत नाही. पण 'दगा' हा शब्द त्या दिवसापासून माझ्या अंगाला चिकटला आहे. तो खरा की खोटा, ते तुम्ही सगळं ऐकून ठरवा. मी एक म्हातारी जीप आहे, आणि माझं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कालव्याच्या कामावर आले. साहेब लोकांना खडकातून, मातीच्या ढिगांवरून फिरवायचं, हे माझं काम. माझ्यात एक गुण होता. गिअरच्या दांड्याशेजारी एक बुटका दांडा आहे. तो मागं ओढला की इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही मिळतो. मग चिखल असो की चढ, मी चारही पायांनी जनावरासारखी वर यायचे. माझ्याबरोबरच्या गाड्या रुतायच्या आणि मीच त्यांना ओढून काढायचे. त्याचा मला गर्व होता.

कालव्याचं काम सरलं. माझा लिलाव झाला. आष्टीजवळच्या एका गावातले रखमाजी मला घेऊन आले. त्यांचा मुलगा अंगद तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला होता. त्यानं मला आष्टी-परतूर रस्त्यावर सिटा भरायला लावलं. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीला लोंबकळणारी माणसं.

"अंगद, आजून एक सीट बसंल का?"

"बसा की मामा. पण मांडी तुमची न्हाई, दुसऱ्याची शोधा."

असे ते दिवस होते. लोक मला नावानं ओळखत नव्हते, आवाजानं ओळखत होते. एकदा पावसात नाल्यापलीकडून साळूबाईला बाळंतपणाला घेऊन निघालो. रस्ता वाहून गेला होता. अंगदरावांनी बुटका दांडा ओढला आणि मी नाला पार केला. पण बाळाला घाई होती. साळूबाईचं धाकटं पोर माझ्याच मागच्या सीटवर जन्मलं. साळूबाई पुढं कितीदा म्हणायची, "ही जीप म्हंजे माझी सुईन हाय."

नंतर घरोघरी मोटारसायकली आल्या. सिटा मिळेनात. मी सडकेवरून शेतात आले. खताच्या गोण्या, कापसाची गाठोडी, कडबा, पाण्याचे ड्रम. काम कमी नव्हतं. फक्त कुणी माझी वाट पाहत नव्हतं.

उषाबाई म्हणजे अंगदरावांची बायको. त्या मला चालवायला शिकल्या ते अंगदरावांचा पाय मोडला तेव्हा. कापूस शेतात फुटून पडला होता आणि घरात गाडी चालवणारं कुणी नव्हतं. अंगदराव बाजेवर पडून ओरडायचे, "आगं, क्लच सोड हळू! ते काय चुलीतलं लाकूड हाय ओढायला?"

उषाबाई खिडकीतून म्हणायच्या, "तुमी वरडू नका. ती माझं आयकून राह्यली. तुमचं कवा आयकलं होतं तिनं?"

गावातल्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, "उषाबाई, बैल हाकता का गाडी?" त्यांनी उत्तर दिलं, "बैलाला चारा लागतो, हिला नुसतं गोड बोललेलं लागतं." आणि खरंच त्या माझ्याशी बोलायच्या. चढ आला की म्हणायच्या, "चल गं बाई." चिखल आला की बुटका दांडा ओढायच्या आणि म्हणायच्या, "लाव जोर." त्या एवढंच म्हणायच्या आणि मी निघायचे. अंगदरावांचा पाय बरा झाला तरी शेतात जाताना स्टेअरिंगवर उषाबाईच बसायच्या.

आता त्या टोप्यांकडं येते.

माझी पुढची चाकं कायम आतल्या दांड्यांना जोडलेली. बुटका दांडा ओढलेला नसला तरी रस्त्यावर चालताना ती चाकं पुढचा सगळा सांगाडा उगाच फिरवत राहतात. त्यामुळं स्टेअरिंग जड, पुढून घरघर, डिझेल जास्त, ऑइल सील वरचेवर गळतं. अंगदराव वैतागले होते. जुन्या जालन्यात राधेश्याम मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथं मला नेलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अंगदभाऊ, पुढचं सामान फालतू फिरून राह्यलं. फ्री-व्हील हब बसवा. चाकाच्या मधोमध टोपीसारखं येतं. टोपी 'फ्री'वर ठेवली की चाक सुटं फिरतं, आतलं सामान आराम करतं. गाडी हलकी. चिखलात जायचं झालं की खाली उतरा, दोन्ही टोप्या 'लॉक'वर फिरवा, मंग दांडा ओढा."

"आन् टोपी फिरवलीच न्हाई तर?"

"तर दांडा ओढून काय उपेग? पुढची चाकं नुसती पाहुण्यावानी उभी. जोर येणारच न्हाई त्यांना."

मिस्त्रींनी दोन्ही बाजू सांगितल्या. टोप्या बसवल्या तर घसारा वाचतो. पण विसरायला एक गोष्ट वाढते, आणि कधीच फिरवल्या नाहीत तर त्या जाम होतात. "माझ्याकडं बघू नका," ते म्हणाले, "घरी विचारा. गाडी कोण चालवतं त्याच्यावर हाय हे."

त्या संध्याकाळी मी अंगणात उभी होते. दार उघडं होतं. अंगदरावांनी जेवताना विषय काढला. उषाबाईंचा हात भाकरीवर थांबला.

"म्हंजे चिखलात उतरायचं, वाकायचं आन् चाकाचे कान पिळायचे?"

"एकडाव पिळायचे. मंग दिवसभर काम."

"आन् मी एकली असले तर? डोक्यावर पाऊस असला तर? न्हाई बाई. माझ्या हाताशी दांडा हाय त्यो बस हाय. जे चालून राह्यलं त्याला हात लावू नका."

"डिझेल किती जातं ते तुला काय म्हाईत."

"मला चिखल म्हाईत हाय," उषाबाई म्हणाल्या.

अंगदरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "बरं. न्हाई बसवत."

पण मित्रांनो, त्यांनी बसवल्या. भाद्रपदात काही कामानं जालन्याला गेले होते. राधेश्याम मिस्त्रींकडं एका मोडीत निघालेल्या जीपचे चांगले हब आले होते. अंगदरावांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि त्यांचं मन फिरलं. मिस्त्रींनी काम करता करता विचारलं, "वैनी चालवतात ना गाडी? त्यांना दाखवा बरं बराबर." अंगदराव म्हणाले, "हो, हो. दाखवतो ना."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पुढची चाकं सुटी फिरत होती. अंग हलकं झालं होतं. घरघर थांबली होती. अंगदराव गाणं गुणगुणत होते. मी मनात म्हणाले, आता मी अजून खूप वर्षं चालेन. उषाबाईंना हे माहीत नाही, याचा विचार मलाही शिवला नाही.

घरी आल्यावर अंगदरावांनी काही सांगितलं नाही. बसवणार नाही म्हणून कबूल केलं होतं आणि आता बसवल्या, हे कोणत्या तोंडानं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पूजतात. विळा, खुरपं, कुऱ्हाड, तिफण, आणि मी. उषाबाईंनी मला धुतलं. बॉनेटवर हळद-कुंकू लावलं. मग चाकांना लावायला खाली बसल्या आणि पुढच्या चाकापाशी त्यांचा हात थांबला.

"आवो, हे काय नवीन हाय?"

अंगदराव झेंडूची माळ बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "टोप्या हायेत. धूळ जाऊ नये म्हनून."

"बरं केलं," उषाबाई म्हणाल्या. "चांगल्या दिसून राह्यल्या. म्हातारीला कानात फुलं घातल्यावानी." आणि हसत हसत त्यांनी दोन्ही टोप्यांवर कुंकवाचं बोट टेकवलं.

अंगदरावांचे हात माळेवरच थांबले. त्यांनी तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. पण तेवढ्यात त्यांची मुलगी मीना नारळ घेऊन आली, आणि तोंड मिटलं. मीना जालन्यात कॉलेजात शिकते, सणाला घरी आली होती. नंतर एकटेच माझ्यात बसले तेव्हा ते पुटपुटले, "दिवाळीला सांगीन. तोवर कुठं चिखल व्हायलाय."

जमीन वाळलेली होती, त्यामुळं काही अडलं नाही. उषाबाई रोज मला शेतात नेत होत्या. स्टेअरिंग हलकं झालंय म्हणून खुशीत होत्या.

मग परतीचा पाऊस आला.

त्या दिवशी अंगदराव सोयाबीन घेऊन दुसऱ्याच्या टेम्पोतून जालन्याला गेले होते. इकडं आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजेल म्हणून उषाबाई साळूबाईला आणि आणखी दोन बायकांना घेऊन शेतात आल्या. त्यांनी भराभर वेचणी केली. दुपारी सरी आल्या आणि थांबेनात. बांधावरच्या बाभळीखाली वेचलेल्या कापसाची गाठोडी होती. उषाबाई धावल्या. एक गाठोडं त्यांनी माझ्यात आणून टाकलं. दुसरं उचलायला वाकल्या आणि त्याच्याखाली घोणस होती.

त्या ओरडल्या नाहीत. गाठोडं खाली ठेवून म्हणाल्या, "साळूबाई, मला डसलं."

साळूबाईनं त्यांचा हात पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "वैनी, चला जीपनं. जल्दी पोचू. मधल्या वाटेनं चालत नेलं तर तुमच्या अंगात भिनंल."

उषाबाई स्टेअरिंगवर बसल्या. साळूबाई शेजारी. डावा हात सुजायला लागला होता, त्या उजव्या हातानं सगळं करत होत्या. पाणंदीत सखल जागा आहे. तिथं पाणी साचतं. कितीतरी पावसाळ्यांत मी ती जागा पार केली होती. उषाबाईंनी तिथं येण्याआधीच बुटका दांडा ओढला. नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "लाव जोर, बाई."

मी जोर लावला. मागची चाकं फिरली. पुढची चाकं उभी राहिली.

त्यांनी दांडा पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. मी खाली खाली गेले. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "आज काय झालं गं तुला?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी एवढंच सांगितलं असतं, की साळूबाईला टोप्या फिरवायला सांगा. दोन्ही टोप्या, एक एक वळसा. साळूबाई खाली उतरून माझ्या चाकापाशीच उभी होती. ती हातानं चिखल उपसत होती. तिचा हात टोपीला लागत होता. त्यावरचं कुंकू पावसानं वाहून गेलं होतं आणि 'फ्री' ही अक्षरं स्वच्छ दिसत होती. पण त्या अक्षरांचा अर्थ दोघींपैकी कुणालाच सांगितलेला नव्हता.

मागून धावत आलेल्या दोन बायकांपैकी एक कल्याणरावांच्या शेताकडं पळाली. ते तिथं नव्हते, पलीकडच्या शिवारात होते. ट्रॅक्टर येईपर्यंत उषाबाई माझ्या सीटवर बसून होत्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्या साळूबाईला म्हणाल्या, "मीनाच्या आबाला सांगा, गाडीवर चिडू नका म्हनावं. म्हातारी झाली ती."

त्यांना ट्रॅक्टरवर घालून आष्टीला नेलं. तिथं इंजेक्शन दिलं आणि पुढं जालन्याला पाठवलं. निरोप मिळून अंगदराव तिथल्या दवाखान्याच्या दारात उभेच होते. रात्र सरायच्या आत उषाबाई गेल्या. आधी पोचल्या असत्या तर वाचल्या असत्या का, हे अंगदरावांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. पण अशा वेळी लवकर येणं चांगलं." हे मला पुढं कल्याणराव दुसऱ्या कुणाला सांगत होते तेव्हा कळलं.

तेरावा झाल्यावर अंगदराव मला घेऊन पाणंदीत आले. सखल जागा अजून वाळली नव्हती. त्यांनी मुद्दाम मला तिच्यात घातलं. दांडा ओढला. मी रुतले, अगदी त्या दिवशीसारखी. मग ते खाली उतरले. उजव्या चाकाची टोपी फिरवली. डाव्या चाकाची फिरवली. पुन्हा वर बसले, दांडा ओढला, आणि मी सरळ बाहेर आले. कसली धडपड नाही, आवाज नाही. माझ्या अंगात ताकद आहे याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

अंगदराव स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले. तेवढ्यात बांधावरून साळूबाई आली. डोक्यावर गवताचा भारा होता.

"दादा, निघाली का गाडी?"

"निघाली."

तिनं भारा खाली टाकला आणि तिथंच बसली. "दादा, म्या लई येळा बोलायचं म्हनते, पन तोंड होत न्हाई. त्या दिवशी मीच म्हनले, वैनी जीपनं चला. मधल्या वाटेनं नेलं असतं तर सडकंला लागलो असतो. कोनाची तरी फटफटी भेटली असती. मीच मारलं हो त्यांना."

"तसं बोलू नका, साळूबाई. तुमचा दोष न्हाई."

"मंग कोनाचा हाय, दादा?"

अंगदरावांनी माझ्या पुढच्या चाकाकडं पाहिलं. टोपीवर त्यांच्या बोटांचा ओला चिखल होता. मी वाट पाहत होते.

"जीपचा," ते म्हणाले. "जुनी झाली."

साळूबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली. तिचं समाधान झालं नव्हतं, हे तिच्या चालीवरून दिसत होतं.

मीना म्हणाली, "आबा, विकून टाका तिला. तिच्याकडं बघवत न्हाई." अंगदराव म्हणाले, "राहू दे." मिस्त्रींकडं जाऊन म्हणाले, "टोप्या काढून टाका." मिस्त्रींनी दुःख व्यक्त केलं आणि मग विचारलं, "पन अंगदभाऊ, वैनीला दाखवलं होतं ना?" अंगदराव म्हणाले, "टोप्या राहू द्या," आणि मला तसंच परत घेऊन आले. आता त्या कायम 'लॉक'वर असतात. घरघर पुन्हा सुरू झाली आहे. मला ती बरी वाटते.

मित्रांनो, जुन्या जीपला अशा टोप्या बसवाव्यात की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, टोपी वाईट नाही. तिनं माझी चाकं हलकी केली. पण जी गाडी दोन माणसं चालवतात, तिच्यात केलेला बदल एकट्यापाशी ठेवायचा नसतो. तुमच्या घरातली मोटार असो, गॅसची शेगडी असो, विजेचं बटण असो. काही बदललं तर ती वस्तू वापरणाऱ्या प्रत्येकाला जवळ बोलवा आणि त्याच्या हातानं फिरवून घ्या. भांडण होईल म्हणून लपवू नका. भांडण झालं असतं, तर उषाबाई दोन दिवस रागावल्या असत्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या असत्या, "दाखवा कसं फिरवायचं ते."

अंगदराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी मीनाला शेजारी बसवून सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग काही दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि आता बोलते. तिच्याकडून त्यांनी दोन्ही टोप्या फिरवूनही घेतल्या. कल्याणरावांनाही सांगितलं. कल्याणराव जाताना माझ्या टायरवरून हात फिरवून गेले.

साळूबाई आता माझ्यात बसत नाही. शेत लांब असलं तरी चालत जाते. अंगदराव तिच्याजवळ गाडी थांबवतात, काच खाली करतात, आणि "येता का?" एवढंच विचारतात. ती "न्हाई दादा" म्हणते. ते पुढं निघतात.

साळूबाईला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.